बिना अर्थिंगची

लिजी सिस्टरची बदली झाली
तेव्हा खोलीची किल्ली देताना
तिने माझ्या तळहातावर तीन झाडं ठेवली.
राखाडी, हलकी,
सायाळीची पिलं अंग मुडपून झोपावीत तशी.
मी उलटी केली, सुलटी केली.
"माती?"
"माती नको, भाऊ. हवा.
आठवड्याला एकदा बुडवा, उलटं धरून झटका."
एवढं सांगून ती ब्रह्मपुरीच्या गाडीत चढली.

मी मोटारी रिवाइंड करणारा माणूस.
तीस वर्षं झाली,
जळालेल्या पंपांची आतडी उपसतो,
नवी भरतो, वार्निश पाजतो.
अर्थिंग नसेल तिथे बटण दाबत नाही.
खड्डा खणा, मीठ टाका, कोळसा टाका,
उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओता त्यात,
गिऱ्हाइकांना सांगून सांगून जीभ झिजली.
आणि आता ही,
खिळ्याला टांगायची,
बिना अर्थिंगची.

हाताशी होतं त्यानेच बांधली.
बावीस गेजची तार,
इनॅमल खरवडून चकाकती केलेली.
शोभली.
महिन्याभरात एकाचा गाभा काळा पडला,
चिमटीत धरला तर पानं सुटून हातात.
पाणी कमी पडलं म्हणून जास्त बुडवलं,
जास्त झालं म्हणून उन्हात ठेवलं.
सिस्टरला विचारायची लाज वाटली.
कृषी केंद्रातल्या निकेशने मोबाइलात बघून सांगितलं,
"काका, तांबं चालत नाई याले. जहर हाय."

तांबं.
ज्याच्या भंगारावर पोरीची फी भरली.

त्या रात्री उरलेल्या दोघांची तार सोडली,
स्टेटर उसकटतो त्याहून हळू.
सकाळी सुगंधाबाई मारबते तलावावरून येत होती,
खांद्यावर जाळं, ओलं.
तिला हातभर नायलॉन मागितलं.
"मासोया धरतं का दुकानात?"
दाखवलं. तिने बोटाने हलवून पाहिलं.
"हे त आमच्यावानी. सातबारा नाई, बांध नाई.
पान्यावर जगते."
"पाण्यावर नाही बाई, हवेवर."
"एकच झालं. मुठीत दोन्ही राहात नाई."

बोअरच्या पाण्याने पानांवर पांढरी खपली धरली.
मग तिच्याच तलावाचं पाणी, फडक्याने गाळून, घमेल्यात.
सोमवारी अर्धा तास बुडी,
मग उलटं धरून तीन झटके.
गाभ्यात थेंब राहिला की सडतं,
हे मला कळतं.
मोटारीचंही तेच.

नवतप्यात पत्रा हाताला चावतो.
कूलरच्या वाळ्यापासून दीड हात लांब
खिळा ठोकला,
ओल मिळावी, झोत लागू नये.
लाइन गेली की इस्त्रीवाल्याची फवाऱ्याची बाटली:
दोन दाब झाडांना,
एक माझ्या मानेला.
गिऱ्हाइकं हसली. हसू दे.
त्यांच्या मोटारी वेळेवर देतो.

दिवाळी होऊन गेल्यावर
एकाची मधली पानं लाल झाली,
आणि त्यातून एक जांभळी नळी वर आली,
टोकाला पिवळं टिंब.
टेस्टरमधला दिवा असतो ना,
तेवढं.
कशाला टेकलेलं नव्हतं ते,
आणि पेटलं होतं.
निकेश म्हणाला, "एकदा फुललं का मरते, काका."
मग स्क्रीन वर सरकवून,
"पन लगेच नाई. आधी पिलं देते."

होळीच्या सुमारास सिस्टरचा फोन आला,
डिपॉझिटचे पाचशे राहिले होते तिचे.
ते झाल्यावर म्हणाली,
"तिन्ही आहेत ना?"
मी वर बघून मोजली.
एक तसंच.
एक फुलून थकलेलं,
त्याच्या बुडाशी दोन, नखाएवढी.
"चार," म्हणालो.
"अरे वा. हात चांगला आहे तुमचा."

तांब्याचं बोललो नाही.
समोर पाच एचपीचा पंप उघडा पडला होता,
बोटांना चुरा लागलेला.
सोमवार होता.
साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले,
मग घमेलं घेतलं.